बालविकासाची पदवी: प्रवेशापासून पहिल्या नोकरीपर्यंत

बारावीनंतर 'मला लहान मुलांबरोबर काम करायचंय' असं कुणी म्हटलं की घरातून हमखास एक उत्तर येतं: मग सहा महिन्यांचा बालवाडीचा कोर्स कर की, त्याला पदवी कशाला हवी? हा प्रश्न गांभीर्याने घ्यायला हवा, कारण तीन-चार वर्षं आणि त्यातला पैसा हा साधा निर्णय नाही. माझं उत्तर असं आहे. गाणी, गोष्टी आणि हस्तकला सहा महिन्यांत शिकता येतात. पण दोन वर्षांचं मूल बोलत का नाही, ते ऐकू येत नाही म्हणून, की घरात कुणी त्याच्याशी बोलत नाही म्हणून, की आणखी थोडी वाट पाहायला हवी म्हणून, हे ओळखायला शरीरशास्त्र, पोषण, मानसशास्त्र, भाषा, कुटुंब आणि कायदा असं सगळं थोडंथोडं यावं लागतं. विद्यापीठातला बालविकासाचा अभ्यास तो एवढ्यासाठी. आणि तो कसा करायचा याबद्दल मराठीतून फारसं सांगितलं जात नाही, म्हणून हा लेख.

आधी विषयाचं नाव शोधा

पहिली अडचण इथेच येते. महाराष्ट्रात 'बालविकास' नावाची पदवी शोधायला गेलात तर हाती फार काही लागत नाही, कारण हा विषय वेगवेगळ्या नावांखाली शिकवला जातो. गृहविज्ञान शाखेत त्याचं नाव 'मानव विकास', म्हणजे ह्यूमन डेव्हलपमेंट. विद्यार्थिनी त्याला नुसतं 'एचडी' म्हणतात. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहू संकुलात आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या निर्मला निकेतनच्या गृहविज्ञान महाविद्यालयात तो अनेक वर्षं शिकवला जातो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाचं नाव आता 'सामुदायिक विज्ञान' आहे. तिथली पदवी चार वर्षांची, आणि मानव विकास हा तिच्यातला एक विभाग. कृषी विद्यापीठात बालविकास शिकवतात हे मराठवाड्याबाहेर अनेकांच्या गावीही नसतं.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ मराठी घरांना भाषेनेही जवळचं आहे. दिल्लीत १९३२ साली सुरू झालेलं लेडी आयर्विन कॉलेज आहे. पदव्युत्तर पातळीवर दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात बालसंगोपन व शिक्षण या विषयाचं एमए आहे आणि बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात शिक्षणशास्त्राच्या एमएमध्ये लहान वयाकडे वळता येतं. नोकरी किंवा संसार सांभाळून शिकायचं असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका बारावीनंतर करता येते.

मुलग्यांसाठी एक सूचना. हा विषय फक्त बायकांचा आहे असं मानायचं कारण नाही, पण एसएनडीटी आणि लेडी आयर्विन या महिलांच्याच संस्था आहेत. बडोदा, परभणी किंवा आंबेडकर विद्यापीठ इथे मुलग्यांना दार उघडं आहे, आणि या क्षेत्राला पुरुषांची खरोखर गरज आहे.

शोधताना दोन वाटांची गल्लत करू नका. मानव विकासाची पदवी तुम्हाला मुलांबद्दलचं ज्ञान देते, शाळेत शिक्षक होण्याचा परवाना देत नाही. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर डीएलएड ही प्राथमिक शिक्षणाची पदविका आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा लागते. नवीन चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रमात (आयटेप) पायाभूत स्तर, म्हणजे वय ३ ते ८, हा एक स्वतंत्र पर्याय आहे. त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची एनसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. शिवाय पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविकाही आहे, तिला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असावी लागते. गल्लोगल्ली जाहिरात करणाऱ्या खाजगी कोर्सवाल्यांना हाच एक प्रश्न विचारा: मान्यता कुणाची, आणि तिचं पत्र दाखवता का? 'आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र' हे त्याचं उत्तर नव्हे.

कोर्स पारखायचा तो मुलांच्या संख्येवरून

विद्यार्थी कॉलेज निवडताना नाव, फी आणि घरापासूनचं अंतर पाहतात. मी सांगेन, आधी हे पाहा की त्या विभागाजवळ मुलं आहेत का. विभागाची स्वतःची प्रयोगशाळा-बालवाडी आहे का, पाळणाघर आहे का? बडोद्याच्या मानव विकास विभागाची चेतन बालवाडी या कामासाठीच ओळखली जाते. अशा बालवाडीत मुलं रोज येतात, शिक्षिका रोज शिकवतात, आणि विद्यार्थी वर्षभर तीच मुलं वाढताना पाहतात. बालवाडी नसेल तर महिन्यातून एकदा 'व्हिजिट' होते. पन्नास मुली एका अंगणवाडीत घुसतात, फोटो काढतात, जर्नल भरतात आणि परत येतात. त्यातून पदवी मिळते, पण नजर तयार होत नाही.

प्रवेशाआधी विभागात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला गाठा. तिला विचारा: मागच्या सत्रात प्रत्यक्ष मुलांसोबत किती तास गेले? एकाच मुलाला पुन्हा पुन्हा पाहायला मिळालं का? तुझी नोंदवही मॅडमनी वाचून परत दिली, की नुसती सही केली? तीन वर्षांखालच्या बाळांबरोबर काही काम झालं का? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी शांतता पसरते, कारण बालवाडीचं वय सगळे शिकवतात आणि बाळांचं वय पुस्तकातच राहून जातं.

अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, मोजा. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात साधारण १५ तास, प्रात्यक्षिकाचा एक म्हणजे ३० तास. प्रात्यक्षिक आणि इंटर्नशिपचे श्रेयांक जिथे जास्त, तो कोर्स वरचढ, मग कॉलेजची इमारत जुनी का असेना. दोन कोर्स तोडीस तोड असतील तर जिथे अपंगत्व आणि समावेशन हा स्वतंत्र विषय आहे तो घ्या.

प्रवेशाच्या कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. दरवर्षी माहितीपत्रकं बदलतात आणि ती मूळ संकेतस्थळावरच वाचायला हवीत. एवढं मात्र आधी विचारून ठेवा: बारावीला कोणती शाखा चालते, शिकवण्याचं माध्यम कोणतं, आणि मराठीतून उत्तरं लिहिता येतात का. पाठ्यपुस्तकं बहुतांशी इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिलं सत्र जड जातं, पण क्षेत्रभेटी सुरू झाल्या की पारडं फिरतं. आईशी, आजीशी, सेविकेशी बोलायचं ते मराठीतच, आणि तिथे तुमचं बोलणं हीच तुमची ताकद.

पहिलं वर्ष: पाहायला शिका

या अभ्यासाचं मुख्य हत्यार म्हणजे निरीक्षण. ते सोपं वाटतं, म्हणून बहुतेकांचं कच्चं राहतं. पहिल्या वर्षाच्या वह्यांमध्ये सर्रास अशी नोंद दिसते: 'सई आज खूप हट्टीपणा करत होती. तिला वाटून घ्यायला आवडत नाही.' यात सई कुठेच दिसत नाही. दिसतं ते लिहिणारीचं मत.

तीच घटना अशी लिहून पाहा:

'वेळ १०.२०, ठोकळ्यांचा कोपरा. स. (३ वर्षे ४ महिने) सहा ठोकळे एकावर एक रचते. आ. (४ वर्षे) येऊन वरचा लाल ठोकळा उचलतो. स. दोन्ही हात ठोकळ्यांभोवती धरते. म्हणते, "माझं घर आहे. आजी झोपलीय आत." आ. ठोकळा हातात घेऊन उभाच. स. बाजूला पडलेला निळा ठोकळा त्याच्याकडे सरकवते. "हा घे, हा दाराचा." १०.२३ ला दोघं शेजारी बसून रचत आहेत.'

आता यात किती काही आहे पाहा. सहा ठोकळे रचण्याइतकं हाताचं कौशल्य. ठोकळ्याला घर मानणारा कल्पनेतला खेळ. न दिसणाऱ्या आजीला खेळात आणणं. तीन-चार शब्दांची व्याकरणशुद्ध वाक्यं. आणि 'हट्टी' ठरवलेल्या मुलीने भांडण न करता काढलेली तडजोड. पहिल्या नोंदीवरून तिला 'वाटून घेण्याचे संस्कार' देण्याची शिफारस झाली असती. दुसऱ्या नोंदीवरून कळतं की ते तिला आधीच येतं.

अशी नोंद लिहायची पद्धत अंगवळणी पडण्यासाठी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त जे दिसलं आणि ऐकू आलं ते. उजवीकडे, घरी गेल्यावर, तुम्हाला काय वाटतं ते. डाव्या बाजूला 'आनंदी', 'चिडलेला', 'लाजाळू', 'हुशार' हे शब्द वर्ज्य. मूल जसं बोलतं तसंच लिहा, बोलीसकट. 'मला भाकर पायजे' म्हणणाऱ्या मुलाची 'मला भाकरी हवी आहे' अशी दुरुस्ती केलीत तर त्याच्या भाषेचा पुरावाच पुसला. वय नेहमी वर्ष आणि महिन्यांत, कारण या वयात चार महिन्यांनी चित्र पार बदलतं.

सलग नोंद, प्रसंगाची नोंद, ठरावीक वेळेने घेतलेली नोंद, एकाच प्रकारच्या घटनेची नोंद, पडताळासूची असे प्रकार तुम्हाला शिकवतील. सगळे करून पाहा, पण सलग नोंदीवर हात बसल्याशिवाय पडताळासूचीकडे वळू नका. सूचीत 'होय/नाही'वर खूण केली की पाहणं थांबतं.

सिद्धांत वाचायचे ते भांडण्यासाठी

पियाजे, व्हायगॉट्स्की, एरिक्सन, बोल्बी, एन्सवर्थ, ब्रॉनफेनब्रेनर ही बालविकासाचे सिद्धांत मांडणाऱ्यांची नावं तिन्ही वर्षं तुमची पाठ सोडणार नाहीत. गाईडमधून पायऱ्या पाठ करून पेपर निघतो, पण त्यातलं काहीच कामाला येत नाही. प्रत्येक सिद्धांताला एकच प्रश्न विचारा: हे कुठल्या मुलांना पाहून, कशा परिस्थितीत ठरवलं?

पियाजेचं उदाहरण घेऊ. दोन रांगांत सारख्याच चकत्या मांडायच्या, मूल म्हणतं 'सारख्या आहेत'. मग एक रांग लांबवायची आणि पुन्हा विचारायचं. पाच वर्षांचं मूल बहुधा म्हणतं, लांब रांगेत जास्त. यावरून निष्कर्ष निघाला की त्या वयाला संख्या टिकून राहते हे कळत नाही. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी तोच प्रयोग थोडा बदलून केला. रांग मोठ्या माणसाने न हलवता एका खोडकर टेडीने 'चुकून' विस्कटली. आता कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मोठं माणूस मुद्दाम काहीतरी बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा मुलाला वाटतं की आपलं आधीचं उत्तर चुकलं असावं. म्हणजे मूल आकड्यांबरोबर विचारणाऱ्याचंही मन वाचत असतं. हा प्रयोग चिंचोके घेऊन तुम्हीही करू शकता, आणि केल्यावर मुलांना प्रश्न विचारण्याची तुमची पद्धत कायमची बदलते.

एन्सवर्थचंही तसंच. आई खोलीबाहेर जाते, अनोळखी व्यक्ती येते, बाळ काय करतं ते पाहून जिव्हाळ्याचे प्रकार ठरवले. ज्या घरात बाळाला आजी न्हाऊ घालते, काकू भरवते आणि शेजारची ताई फिरवून आणते, तिथे त्याचा अर्थ तसाच लावायचा का? परीक्षेत हा मुद्दा उदाहरणासह मांडा.

आणि आपल्या मातीतला इतिहास पाश्चात्त्यांच्या शेपटीला जोडलेला परिच्छेद म्हणून वाचू नका. तो मराठी विद्यार्थ्याचा मूळ अभ्यास आहे. ताराबाई मोडक भावनगरला गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र सुरू झालं आणि १९५७ मध्ये ते काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीची साधनं महाग होती आणि वारली मुलं बालवाडीत येत नव्हती. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच पाड्यावर घेऊन गेल्या, अंगणात. शिंपले, बिया, दगड, पानं ही साधनं झाली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरल्या. अंगणवाडी हे नाव पुढे साऱ्या देशात गेलं, २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेबरोबर. ज्याला आज 'संदर्भानुरूप अभ्यासक्रम' म्हणून शिकवतात, ते या दोघींनी सत्तर वर्षांपूर्वी करून दाखवलं. शक्य असेल तर पदवीच्या काळात एकदा कोसबाडला जाऊन या.

अंगणवाडीत इंटर्नशिप

इंटर्नशिपसाठी पर्याय असेल तर निदान एक सत्र अंगणवाडीत काढा, चकचकीत प्री-स्कूलमध्ये काढण्याआधी. एकाच खोलीत इथे सहा कामं एकत्र चालताना दिसतात: ३ ते ६ वयाच्या मुलांचं पूर्वशालेय शिक्षण, गरम ताजा आहार, सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी घरपोच आहार, गरोदर आणि स्तनदा मातांच्या नोंदी, लसीकरणाचा दिवस, वजन-उंची. हे सगळं एक सेविका आणि एक मदतनीस सांभाळतात, मानधनावर.

सेविकाताईंशी नातं कसं जोडता यावर तुमचं शिकणं ठरतं. त्या तुमच्या मार्गदर्शक आहेत, तुम्ही त्यांच्या परीक्षक नाही. पहिल्या आठवड्यात वही बाहेर काढू नका. मुलांचे हात धुवायला, ताटं मांडायला, पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर माहिती भरायला मदत करा. नंतर त्याच तुम्हाला सांगतील की कोणत्या घरात बाळाला अजून वरचं अन्न सुरू झालेलं नाही, आणि का.

मोजमाप मात्र काटेकोर शिका, कारण इथली चूक मुलाला भोवते. वजनकाटा आधी शून्यावर आणा, कपडे हलके ठेवा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजतात, त्यानंतर उंची उभं करून. दंडाचा घेर डाव्या दंडाच्या मध्यावर, पट्टी आवळायची नाही आणि सैलही सोडायची नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलात घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषणाचं लक्षण, ११.५ ते १२.५ मध्यम. अर्ध्या सेंटिमीटरच्या चुकीने एखादं मूल उपचाराच्या यादीतून गळू शकतं.

एक लक्ष्मणरेषा पाळा. विकासाच्या चाचण्या शिकताना तुम्ही डासी या चाचणीबद्दल वाचाल. बडोद्यात प्रमिला फाटक यांच्या कामातून ती भारतीय बाळांच्या आधारावर तयार झाली. ती शिकण्यासारखी आहे, पण अशी कुठलीही चाचणी प्रशिक्षणाशिवाय करून पालकांना 'तुमचं बाळ मागे आहे' असं सांगू नका. शंका वाटली तर पर्यवेक्षक शिक्षिकेला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथवर पालक पोहोचतील एवढं पाहा.

पोक्सो कायदा (२०१२) इंटर्नशिपच्या आधी वाचा, नंतर नाही. मुलाचं लैंगिक शोषण झाल्याचं कळलं किंवा तशी भीती वाटली तर पोलिसांना कळवणं हे कायद्याने बंधनकारक आहे, विद्यार्थ्यालाही. मुलाला खोदून खोदून विचारू नका. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहा, आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर हवा. फोटोबद्दल नियम साधा ठेवा: पालकांच्या लेखी संमतीशिवाय काढायचा नाही, आणि स्टेटसवर तर संमती असली तरी टाकायचा नाही.

प्रबंधाचा विषय

शेवटच्या वर्षी बहुतेक विषय 'पालकांचा मोबाइलकडे पाहण्याचा दृष्टिकोन' अशा छापाचे असतात. गुगल फॉर्म पाठवायचा, पन्नास उत्तरं आली की टक्केवारी काढायची. त्यात मूल कुठेच नसतं. लहान, पण मुलांना समोर ठेवणारा विषय घ्या. ऊसतोडणीच्या हंगामात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातल्या चार मुलांचा दिवस. घरी गोंडी किंवा पावरी आणि अंगणवाडीत मराठी ऐकणारी मुलं कधी बोलतात, कधी गप्प राहतात. बांधकामावरच्या पाळणाघरातला खेळ. सहा मुलांच्या वीस चांगल्या नोंदी दोनशे फॉर्मपेक्षा मोलाच्या असतात. मार्गदर्शक 'सॅम्पल लहान आहे' म्हणतील, तेव्हा गुणात्मक पद्धतीचं प्रकरण नीट लिहून त्यांना पटवा.

नोकरी आणि पगार

इथे स्पष्ट बोलायला हवं. खाजगी बालवाड्यांमध्ये पगार कमी आहेत, अनेक ठिकाणी पदवीधर आणि बिनपदवीधर यांत फरकही केला जात नाही. केवळ वर्गात शिकवायचं असेल तर या पदवीबरोबर शिक्षक म्हणून मान्य असलेली पात्रता जोडून घ्या.

सरकारी वाट आहे ती एकात्मिक बालविकास योजनेत. पर्यवेक्षिका (जुन्या भाषेत मुख्यसेविका) आणि त्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी, ज्याची निवड एमपीएससीमार्फत होते. जाहिराती रोज निघत नाहीत, म्हणून पदवी चालू असतानाच सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरणाची तयारी सुरू करा. प्राध्यापक व्हायचं असेल तर एमएस्सीनंतर नेट ही पात्रता परीक्षा, तिथे विषय 'गृहविज्ञान' हाच निवडायचा.

स्वयंसेवी संस्थांत या पदवीची खरी कदर होते. मुंबईत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या मुंबई मोबाइल क्रेशेस, महापालिका शाळांबरोबर काम करणारी मुक्तांगण, प्रथम, डहाणू भागातली ग्राममंगल, पुण्याचं सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस अशा ठिकाणी प्रशिक्षक, साहित्य-निर्मिती आणि संशोधन साहाय्यकाची कामं असतात.

विशेष मुलांबरोबर काम करायचं असेल तर आधीच जाणून घ्या की विशेष शिक्षक म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती त्यांच्या मान्य कोर्सनंतरच मिळते. वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी या तर पूर्ण वेगळ्या पदव्या. मानव विकासाच्या पदवीवर स्वतःला 'थेरपिस्ट' म्हणवून घेणारे बरेच दिसतात. त्यात पडू नका, पालक आधीच हवालदिल असतात.

परदेशी जायचं असेल तर इंटर्नशिपचे दिवस, मुलांचा वयोगट आणि पर्यवेक्षकाची सही असलेलं पत्र प्रत्येक सत्राला घेऊन ठेवा. ऑस्ट्रेलियात बालशिक्षिका म्हणून पात्रता तपासताना पर्यवेक्षणाखालचे दिवस मोजले जातात, आणि पाच वर्षांनी कॉलेजकडून ते पत्र मिळवताना नाकी नऊ येतात.

मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेबरोबर तुमच्या तीन उत्तम नोंदी न्या, मुलांची नावं काढून: एक बाळाची, एक तीन-चार वर्षांच्या मुलाची, एक सहा-सात वर्षांच्या मुलाची. आणि मुलाखत संपताना तुम्हीही विचारा: एका शिक्षिकेमागे किती मुलं, पूर्वतयारीचा वेळ पगारात धरला आहे का, आणि मुलांच्या नोंदी इथे कोण वाचतं.